वसंतातील बर्फ आणि हिमालयाची यात्रा : भाविकांसाठी सुरक्षिततेचा एक पाठ

रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याची रास घरी येते, शाळांना सुट्ट्या लागतात आणि मृगाच्या पेरणीला अद्याप महिना-दीड महिना अवकाश असतो. आपल्या केज तालुक्यातील शेतकरी कुटुंबांना दूरच्या तीर्थयात्रेसाठी मोकळीक मिळते ती याच काळात. परळीस वैद्यनाथाचे दर्शन वर्षातून अनेकदा घडते. परंतु केदारनाथ, बद्रीनाथ, गंगोत्री, यमुनोत्री यांचे दर्शन आयुष्यात एकदा तरी घडावे ही इच्छा प्रत्येक घरात असते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्या धामांची कपाटे उघडतात आणि युसूफ वडगाव परिसरातील भाविकही बसने, रेल्वेने उत्तरेकडे प्रस्थान ठेवतात.

हा योग जसा पुण्याचा, तसाच सावधगिरीचाही आहे. ज्या चैत्र-वैशाखात आपली शेते रिकामी असतात, त्याच चैत्र-वैशाखात हिमालयातील हिवाळी बर्फ वितळू लागते आणि उतारांवरून घसरून खाली येते. यासच हिमस्खलन म्हणतात. ज्यांनी आयुष्यात गारांखेरीज बर्फ पाहिलेले नाही, त्यांना या संकटाची कल्पना असणे शक्य नाही. यास्तव हिमालयात जाऊ इच्छिणारे भाविक आणि अशा यात्रांना साहाय्य करणारे दाते या दोघांसाठी हा पाठ सादर करीत आहोत.

बर्फ का घसरते?

हिमालयात बर्फ एकाच दिवशी पडत नाही. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत ते थराथराने साचत जाते. काही थर घट्ट असतात, काही साखरेच्या दाण्यांसारखे मोकळे व भुसभुशीत असतात. वरचा घट्ट थर खालच्या दुबळ्या थरावर कसाबसा तोललेला असतो. त्यावर नव्या बर्फाचा भार पडला, पाऊस झाला, उष्णता वाढली किंवा एखाद्या माणसाने पाऊल ठेवले, तरी तो तोल बिघडतो. मग वरचा थर सलगपणे तुटतो आणि उतारावरून खाली झेपावतो.

आपल्याकडील उदाहरणाने हे लवकर ध्यानात येईल. काळ्या मातीखाली मुरमाचा थर असतो. संततधार पावसात पाणी मातीतून झिरपून त्या मुरमापर्यंत पोहोचते आणि विहिरीच्या काठाची माती, आदल्या दिवशी भक्कम दिसणारी, एकाएकी आत खचते. वरून पाहणाऱ्यास काहीच कळत नाही; बिघाड आतल्या थरात झालेला असतो. बर्फाचेही असेच आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. तेथे माती व दगड होते, हिमालयात बर्फ असते. परंतु उतार, साठलेला भार आणि थरांत शिरलेले पाणी ही तिन्ही कारणे दोन्हीकडे सारखीच आहेत.

उताराचाही हिशेब आहे. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. खळ्यात ज्वारीची रास घातली असता दाणे घरंगळू लागतात तो उतार, किंवा घराच्या चढ जिन्याचा उतार, साधारण याच घरात येतो. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा स्वतःहून सुटत नाही, आणि फार उभ्या कड्यावर ते मुळात साचूनच राहत नाही. मात्र एक गोष्ट विसरू नये. आपण स्वतः सपाट वाटेवर उभे असलो, तरी माथ्यावर तसा उतार असेल तर तेथून सुटलेले बर्फ आपल्यापर्यंत येऊन पोहोचते.

वजनाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. कापसासारखे दिसणारे बर्फ हलके असावे असा सर्वसाधारण समज आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा जागेत मावणारे ताजे, भुरभुरीत बर्फ एका क्विंटलच्या आतबाहेर भरते. तेच बर्फ ओले होऊन, घसरत खाली येऊन ठासले की त्याच जागेत पाच क्विंटल किंवा त्याहून अधिक मावते. कोरडे हिमस्खलन ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकते. ओले हिमस्खलन त्या मानाने संथ असते, पण मोटारसायकलच्या वेगाने येणाऱ्या त्या भारापुढे माणसाचा निभाव लागत नाही. थांबताच ते सिमेंटप्रमाणे घट्ट होते आणि आत अडकलेल्यास हातही हलवता येत नाही.

वसंत ऋतूत धोका का वाढतो?

हिवाळ्यात धोका मुख्यत्वे नव्या बर्फवृष्टीचा असतो. वसंतात त्यात उन्हाची भर पडते. दिवसा सूर्य तापतो, वरचे बर्फ वितळते, ते पाणी खाली झिरपते आणि थरांमधील बंध सैल होतात. रात्री आकाश निरभ्र असेल तर हे पाणी पुन्हा गोठते आणि पहाटे बर्फाचा पृष्ठभाग फरशीसारखा कठीण होतो. म्हणून पहाटे व सकाळी वाट त्या मानाने सुरक्षित असते आणि दुपारी तीच वाट धोक्याची होते. सकाळी प्रथम पूर्वेकडील उतार तापतात, मध्यान्ही दक्षिणेकडील आणि दुपारनंतर पश्चिमेकडील.

रात्री ढग दाटलेले असतील किंवा पाऊस पडला असेल तर बर्फ गोठत नाही. अशा दिवशी सकाळसुद्धा भरवशाची नसते. आपल्याकडे ढगाळ रात्र उबदार असते हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. हाच अनुभव तेथे उपयोगी पडतो. मुक्कामी पहाटे बाहेर येऊन आकाश पाहावे. तारे लखलखीत असतील आणि पायाखालचे बर्फ करकरत असेल तर दिवस बरा. ढग असतील आणि बर्फात पाय रुतत असेल तर घाई करू नये.

बर्फाच्या भिंती काय सांगतात?

केदारनाथचा पायी मार्ग गौरीकुंडापासून सुरू होतो. २०१३ च्या जूनमधील महाप्रलयात रामबाडा वस्ती व जुना मार्ग वाहून गेल्यानंतर पुढील वाट मंदाकिनीच्या दुसऱ्या तीरावरून, लिंचोलीमार्गे काढण्यात आली. आज सुमारे १६ किलोमीटर चालावे लागते. या वाटेला डोंगरावरून उतरणारे अनेक तीव्र उताराचे ओढे आडवे येतात. गढवालात त्यांना ‘गदेरा’ म्हणतात. लिंचोलीच्या पुढील कुबेर व भैरव या गदेऱ्यांची नावे यात्रेकरूंच्या कानी पडतात. कपाटे उघडण्यापूर्वी मजूर दिवसेंदिवस खपून तेथील बर्फ कापतात आणि दोन्ही बाजूंस बर्फाच्या उंच भिंती असलेली अरुंद वाट तयार होते.

यात्रेकरूंना त्या भिंतींचे मोठे अप्रूप वाटते आणि तेथेच छायाचित्रे काढण्यासाठी गर्दी होते. स्थानिक लोक त्या बर्फास ‘ग्लेशियर’ म्हणतात. परंतु खऱ्या अर्थाने ती हिमनदी नव्हे. हिवाळ्यात व वसंताच्या प्रारंभी माथ्यावरून जी हिमस्खलने त्या ओढ्यातून खाली आली, त्यांचा तो साठलेला ढिगारा आहे. आजूबाजूची जमीन उघडी पडली असताना नेमक्या याच जागी दोन-तीन पुरुष उंचीचे बर्फ का, याचे उत्तर हेच. बर्फ येथे पडले नाही, येथे येऊन पोहोचले. आणि जेथे ते एकदा पोहोचले तेथे पुन्हा पोहोचू शकते. म्हणून बर्फाची भिंत ही निसर्गाने स्वतः लावलेली धोक्याची पाटी समजावी. तेथे थांबू नये. छायाचित्र काढायचेच असेल तर ती जागा ओलांडून, मोकळ्या व रुंद ठिकाणी पोहोचल्यावर काढावे.

मे २०२३ च्या प्रारंभी याच भागात माथ्यावरून बर्फ घसरून मार्ग बुजला आणि यात्रा काही काळ थांबवावी लागली. ज्यांनी सोनप्रयाग व गौरीकुंडात मुक्काम केला, त्यांना मार्ग मोकळा होताच दर्शन मिळाले.

काही घटना व त्यांतील बोध

घटना सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. प्रत्येक घटनेतून एक नियम शिकता येतो, एवढाच आहे.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथू-लाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंधराव्या मैलाजवळ, भर दुपारी हिमस्खलन झाले आणि सात पर्यटकांचा मृत्यू झाला. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच जाण्याची परवानगी होती, तरी काही जण पुढे गेले, असे तेथील पोलिसांनी सांगितले. बर्फ पाहून आनंदाने गाडीतून उतरावे, उतारावर खेळावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु परवानगीची सीमा ही कागदावरची औपचारिकता नसते. पुढचा उतार कसा आहे हे जाणणाऱ्यांनी ती आखलेली असते.

४ जून २०२३ रोजी चमोली जिल्ह्यातील हेमकुंड साहिब मार्गावर अटलाकुडी येथे सहा यात्रेकरू घसरत्या बर्फात सापडले. पाच जणांना वाचवण्यात आले, एका महिलेचा मृत्यू झाला. ही घटना सायंकाळच्या सुमारास घडली. दिवसभर तापलेल्या बर्फाखालून दिवस कलल्यावर चालू नये, आणि ज्येष्ठ महिना लागला म्हणजे बर्फाचा धोका संपला असे मानू नये, हे दोन बोध यातून मिळतात.

२३ एप्रिल २०२१ रोजी त्याच जिल्ह्यात, नीती खोऱ्यातील सुमना येथे सीमा मार्ग संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन होऊन दहाहून अधिक मजूर मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी अनेक दिवस बर्फवृष्टी चालू होती. पुढे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथपलीकडील माणा गावाजवळ, सकाळच्या वेळी, अशाच छावणीवर बर्फ कोसळले. ५४ जणांपैकी ४६ जण वाचले व ८ जणांचा मृत्यू झाला. उंच भागात हिमस्खलन होऊ शकेल असा इशारा आदल्या सायंकाळीच देण्यात आला होता. सकाळची वेळ सुरक्षित हा नियम मोठ्या बर्फवृष्टीनंतर लागू होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. नवे बर्फ पडल्यावर पहिले एक-दोन दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. आकाश स्वच्छ झाले, ऊन पडले, म्हणून त्याच दिवशी पुढे निघण्याची घाई घातक ठरते.

महाराष्ट्रानेही या संकटाची किंमत मोजली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवानांना वीरमरण आले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ व माछिल भागांत झालेल्या हिमस्खलनांतही महाराष्ट्राचे सुपुत्र कामी आले. आपल्या जवानांना ते स्थान सोडता येत नाही. यात्रेकरूस मात्र थांबण्याची व परत फिरण्याची मोकळीक असते.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणांपैकी एकही दिसले तरी पुढे जाऊ नये व सोबतच्या सर्वांना सांगावे.

१. गेल्या एक-दोन दिवसांत मोठी बर्फवृष्टी झालेली असणे, किंवा बर्फावर पाऊस पडणे.

२. आसपासच्या उतारांवर नुकतेच बर्फ घसरल्याच्या ताज्या खुणा दिसणे.

३. ऊन वाढताच उतारावरून बर्फाचे लहान-मोठे गोळे लाडवांसारखे घरंगळत येणे.

४. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येणे, किंवा पावलापासून बर्फात लांब भेगा जाणे.

५. सकाळी कठीण असलेल्या बर्फात घोट्यापर्यंत अथवा त्याहून खोल पाय रुतू लागणे.

६. कड्याच्या धारेवर वाऱ्याने पुढे आलेले बर्फाचे छज्जे दिसणे. त्यांच्या खालून किंवा वरून जाऊ नये.

७. ओढ्यावर बर्फाचा पूल असणे व खालून पाण्याचा आवाज येणे. वैशाखात असे पूल आतून पोखरलेले असतात. वरून कितीही रुंद दिसले तरी त्यांवर पाऊल टाकू नये.

यात्रेचे नियोजन

हिमालयातील सुरक्षिततेची खरी तयारी घरी, तिकिटे काढतानाच होते. आपल्याकडील यात्रा-सहली बहुधा दिवसांचा चोख हिशेब घालून आखल्या जातात. आज केदारनाथ, परवा बद्रीनाथ, चौथ्या दिवशी हरिद्वारहून गाडी. परतीचे आरक्षण ठरलेले, बसचे भाडे दिवसावर ठरलेले. अशा वेळी मार्ग एक दिवस बंद झाला तर संपूर्ण जथ्यावर दडपण येते, आणि ‘एवढ्या लांबून आलो, आता दर्शनाशिवाय कसे परतायचे?’ या एका वाक्याने चाळीस माणसे नको त्या वेळी वाटेला लागतात. माणसे मुळात धाडसी नसतात, त्यांच्या हाती दिवस शिल्लक नसतो.

म्हणून पहिला नियम हा की, चारधाम यात्रेत किमान दोन राखीव दिवस धरावेत. मार्ग खुला राहिला तर ते विश्रांतीस उपयोगी पडतात. विरळ हवेची सवय होण्यासाठीही त्यांची गरज असतेच. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. यात्रेतील बहुसंख्य मृत्यू बर्फाने नव्हे, तर हृदयविकार व विरळ हवेच्या त्रासाने होतात. तेव्हा वृद्ध व मधुमेही भाविकांनी वैद्यकीय तपासणी करूनच निघावे.

आमच्या दात्यांना या ठिकाणी एक विनंती करावीशी वाटते. गावातील वृद्ध, निराधार भाविकांना यात्रा घडवणारे अनेक उदार हात आपल्या भागात आहेत. बसभाडे व अन्नदान यांबरोबरच दोन राखीव दिवसांच्या निवासाचा खर्चही दानात धरावा. तो खर्च झाला नाही तर परत येईल. झाला, तर त्यातून एखाद्या घरचा कर्ता माणूस सुखरूप घरी येईल. याहून मोलाचे दान कोणते असेल?

अन्य सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

१. शक्य असल्यास कपाटे उघडल्यानंतरचे पहिले दिवस टाळून मे महिन्याच्या उत्तरार्धात जावे. तेव्हा बर्फ तुलनेने कमी असते. मात्र पावसाळा सुरू होण्यापूर्वी परतावे. नंतर दरडींचा धोका वाढतो.

२. उत्तराखंड शासनाने यात्रेकरूंची नोंदणी बंधनकारक केली आहे. नोंदणीतील माहिती खरी द्यावी. दुर्घटनेत कोण कोठे होते हे त्यावरूनच कळते.

३. जथ्यातील सर्वांची नावे, वय, भ्रमणध्वनी, रक्तगट व घरच्या माणसाचा क्रमांक अशी यादी करून एक प्रत गावी ठेवावी.

४. निघण्याच्या आदल्या सायंकाळी हवामान खात्याचा अंदाज व हिमस्खलनाचा इशारा पाहावा. हा इशारा संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंदीगड येथील संस्था देते. मनाली येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था २०२० पासून याच संस्थेत समाविष्ट आहे. निवासस्थानी किंवा पोलीस चौकीवर विचारल्यासही माहिती मिळते.

५. संकटकाळी ११२ हा देशभरचा क्रमांक लावावा. राज्य आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७० व जिल्हा कक्षाचा १०७७ आहे. डोंगरात भ्रमणध्वनीची सेवा सर्वत्र मिळत नाही. ती कोठे मिळते हे वाटेत पाहून ठेवावे.

६. सामानात लोकरीचे कपडे, पाणी न शिरणारे जोडे, काठी, शिट्टी, विजेरी, काळा चष्मा व भडक रंगाचे एखादे वस्त्र असावे. पांढरे धोतर व पांढरा सदरा बर्फात दिसत नाही. त्यावर तांबडा किंवा भगवा शेला गुंडाळावा.

बर्फाची पट्टी ओलांडताना

पंढरीच्या वारीत चोपदाराचा दंड वर गेला की हजारो वारकऱ्यांची दिंडी जागच्या जागी उभी राहते; कोणी कारण विचारीत नाही. हिमालयाच्या वाटेवर पोलीस किंवा आपत्ती दलाच्या जवानाची शिट्टी हाच चोपदाराचा दंड समजावा. त्यांनी थांबवले तर थांबावे. हुज्जत घालू नये, ओळखीचा दाखला देऊ नये आणि बाजूच्या पायवाटेने पुढे जाण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

बर्फाच्या पट्ट्या शक्यतो सकाळी, ऊन चढण्यापूर्वी ओलांडाव्यात. पट्टीच्या अलीकडे सुरक्षित जागी सर्वांनी एकत्र जमावे. तेथून एकेकाने किंवा अंतर राखून दोघा-दोघांनी जावे, बाकीच्यांनी माथ्यावरील उताराकडे लक्ष ठेवावे. एकाच वेळी सर्व जण बर्फाखाली असले तर वाचवायला कोणी उरत नाही. मध्ये थांबू नये, बसू नये, जोड्याची नाडी बांधू नये. पाठपिशवीच्या छातीवरील व कमरेच्या पट्ट्या सोडून ठेवाव्यात, म्हणजे प्रसंगी ती टाकून देता येते. नाका-तोंडावर उपरणे बांधावे. घोडा किंवा डोली करणाऱ्यांनी चालकास ‘लवकर चला’ असा तगादा लावू नये. त्यास त्या वाटेची जाण आपल्यापेक्षा अधिक असते.

जयघोषाविषयी नेहमी विचारले जाते. मोठ्या आवाजाने बर्फाचा कडा कोसळतो हा समज खरा नाही. माणसाच्या आवाजात तेवढी शक्ती नसते. तरीही पट्टी ओलांडताना मौन पाळावे, कारण वरून येणारा आवाज ऐकू येणे महत्त्वाचे आहे. पलीकडे सुखरूप पोहोचल्यावर मनसोक्त नामगजर करावा.

दुर्दैवाने प्रसंग ओढवल्यास

बर्फ येताना दिसले तर उताराच्या दिशेने खाली पळू नये. आडवे, जवळच्या कडेकडे सरावे. काठी व पिशवी टाकून द्यावी. सापडलोच तर पोहल्यासारखे हातपाय मारून वर राहण्याचा यत्न करावा. वेग मंदावू लागताच एक हात तोंडासमोर ओंजळीसारखा धरून श्वासापुरती पोकळी करावी व दुसरा हात शक्य तितका वर करावा. एकदा बर्फ थांबले की हे करता येत नाही.

बाहेर असलेल्यांचे कर्तव्य त्याहून मोठे आहे. बर्फाखाली सापडलेल्या माणसास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता पुष्कळ असते. अर्धा तास उलटल्यावर ती झपाट्याने घटते. दूरवरून येणारे पथक कितीही तत्पर असले तरी पहिल्या पंधरा मिनिटांत तेथे असतात ते केवळ सोबतचे यात्रेकरू. म्हणून आक्रोशात वेळ न घालवता पुढील क्रम पाळावा.

प्रथम वरून आणखी बर्फ येत नाही ना हे पाहण्यास एकास नेमावे. एकाने ११२ वर कळवावे. माणूस शेवटचा जेथे दिसला ती जागा काठी रोवून निश्चित करावी आणि तेथून खालच्या बाजूस शोध घ्यावा. टोपी, हातमोजा, काठीचे टोक असे काही वर दिसते का पाहावे, हाक मारून क्षणभर शांत राहून ऐकावे, काठ्या खोल खुपसून चाचपावे. सापडल्यावर थेट वरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने खणत आत जावे, आणि प्रथम तोंड व छाती मोकळी करावी. श्वास चालू नसेल तर प्रशिक्षित व्यक्तीने कृत्रिम श्वास द्यावा. बाहेर काढल्यावर ओले कपडे उतरवून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे. हातपाय जोराने चोळू नयेत, मद्य देऊ नये.

हिमालयात पदभ्रमण करणाऱ्या तरुणांसाठी

सह्याद्रीत गडकोट पालथे घालणारे आपले अनेक तरुण मे महिन्याच्या सुट्टीत हिमालयातील खिंडी ओलांडण्याच्या मोहिमांना जातात. तेथे यात्रामार्गासारखे पोलीस किंवा मजूर नसतात. निर्णय स्वतःलाच घ्यावा लागतो. सह्याद्रीतील अनुभव मोलाचा, परंतु बर्फाची परीक्षा वेगळी आहे. अशा सहलींतील हिमस्खलने बहुतेक वेळा सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भाराने सुटतात, असा जगभरचा अनुभव आहे.

हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा पायऱ्यांत सांगितला जातो. तिसरी पायरी ऐकण्यास मध्यम वाटते. प्रत्यक्षात ती गंभीर असते व अनेक अपघात त्याच पायरीवर होतात. अशा दिवशी तीस अंशांहून अधिक उताराजवळ जाऊ नये. प्रत्येकाजवळ संदेश देणारे व घेणारे शोधयंत्र, चाचपणीची लांब घडीची सळई आणि फावडे ही तिन्ही साधने असावीत, व ती वापरण्याचा सराव असावा. एक जरी नसले तरी उरलेली दोन अपुरी पडतात. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था व मनालीची पर्वतारोहण संस्था येथे रीतसर अभ्यासक्रम चालतात. उंच खिंडीचा विचार करणाऱ्याने आधी तेथील प्राथमिक शिक्षण घ्यावे.

शिक्षण घेतले म्हणजे अभय मिळाले, असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी याच उत्तरकाशी संस्थेचे प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक ‘द्रौपदी का दांडा’ या शिखरावर हिमस्खलनात सापडले. २७ जणांचे मृतदेह मिळाले व दोघे बेपत्ता राहिले. जाणत्यांवरही पर्वत असा प्रसंग आणतो, तेथे अजाणत्याने अधिक नम्र असावे.

परत फिरणे

शेवटी एका प्रश्नाचा विचार करणे आवश्यक वाटते. मार्ग बंद झाला, राखीव दिवसही संपले आणि दर्शनाविना परतावे लागले, तर यात्रा निष्फळ झाली काय? हिवाळ्याचे सहा महिने केदारनाथाची कपाटे बंद असतात. त्या काळात उत्सवमूर्ती खाली उखीमठास येते आणि ओंकारेश्वर मंदिरात पूजा चालते. बर्फाच्या दिवसांत देवालाही खाली आणण्याची ही परंपरा त्या पर्वतात राहणाऱ्यांनीच घालून दिली. बर्फापुढे थांबणे हे तेथील धर्माचरणातच आहे. त्यात श्रद्धेला उणेपणा नाही.

म्हणून जथ्याच्या प्रमुखाने प्रस्थानापूर्वीच सर्वांना एकत्र बसवून सांगावे की, वाटेत कोणी एकाने जरी ‘मला हे धोक्याचे वाटते’ असे म्हटले, तरी त्यास भित्रा म्हणून हिणवले जाणार नाही. सर्व जण थांबतील. हा निर्णय घरच्या अंगणात घेतलेला असला, म्हणजे बर्फाच्या काठावर तो घेणे सोपे जाते. दर्शन पुढील वर्षीही घडू शकते.

सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न पार पडो आणि प्रत्येक जण आपापल्या घरी सुखरूप परतो, हीच प्रार्थना.

विश्वस्त मंडळाकरिता,
कार्यालयीन सचिव
युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड